कादंबरी त्याची, पत्रं तिची

(आमच्या मासिक अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचं शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

मी आज एका इंग्रजी कादंबरीवर बोलणार आहे असं कळल्यावर आपल्यातल्याच एकीनं मला विचारलं, “बाई, हुंडा, टाकलेल्या बायका, रेशन, पाणी हे सगळं संपलं का, की आता आपण फ्रान्सच्या समुद्रकिनाऱ्यावरच्या श्रीमंतांची दुखणी ऐकायची?” प्रश्न रास्त आहे. उत्तर आधीच देऊन टाकते. या कादंबरीतली बाई मनोरुग्ण ठरलेली आहे, आणि तिची गोष्ट तिच्याखेरीज बाकी सगळे सांगतात. आपल्या सल्ला केंद्रात मी मंगळवारी बसते. तिथं अधूनमधून अशी एखादी बाई येतेच, की तिच्याआधी तिचे कागद आलेले असतात. नवरा किंवा दीर पिशवीतून फाइल काढतो, टेबलावर ठेवतो आणि म्हणतो, “मॅडम, आधी हे वाचा, मग तिचं ऐका.” आणि खरं सांगायचं तर ते कागद वाचल्यावर आपण तिचं वेगळ्याच कानांनी ऐकतो.

दुसरं कारण माझ्या घरातलं आहे. ते सांगायला मला जरा धीर गोळा करावा लागणार आहे, म्हणून आधी कादंबरी.

कादंबरीचं नाव ‘टेंडर इज द नाइट’. लेखक एफ. स्कॉट फिट्झजेराल्ड, अमेरिकन. १९३४ च्या जानेवारीपासून ती मासिकात क्रमशः आली आणि एप्रिलमध्ये पुस्तक निघालं. काळ पहिल्या महायुद्धानंतरचा. त्या वेळी पुष्कळ अमेरिकन लेखक, चित्रकार आणि नुसतेच पैसेवाले फ्रान्समध्ये जाऊन राहिले होते. मायदेशी दारूबंदी होती आणि फ्रान्समध्ये डॉलरला भाव होता. ज्या देशात राहायचं त्या देशाशी देणंघेणं नाही, आपला देश तर सोडलेला, अशी ही माणसं. दिवसभर समुद्रावर, रात्रभर मेजवानीत. वरून सगळं झकपक, आतून प्रत्येकाचं काहीतरी बिनसलेलं.

त्यातलं सर्वांत देखणं जोडपं म्हणजे डॉक्टर डिक डायव्हर आणि त्याची बायको निकोल. १९२५ चा उन्हाळा. रोझमेरी नावाची एक नटी, अजून अठरा पुरी न झालेली, आईबरोबर त्या किनाऱ्यावर येते. तिच्या डोळ्यांनी आपण हे जोडपं पाहतो. डिक सगळ्यांची काळजी घेणारा, बोलण्यात मोहिनी असलेला. निकोल सुंदर, गळ्यात मोत्यांची माळ, पण जरा गप्प. रोझमेरी डिकच्या प्रेमात पडते आणि डिक तिच्या. मग कादंबरी मागे जाते, आणि आपल्याला कळतं की डिक हा मानसोपचारतज्ज्ञ आहे आणि निकोल ही झुरिचच्या दवाखान्यातली पेशंट होती. शिकागोच्या कोट्यधीश घरातली मुलगी. दवाखान्यात असताना तिनं डिकला महिनोन् महिने पत्रं लिहिली. त्यानं वडीलधाऱ्या डॉक्टरांचा सल्ला डावलून तिच्याशी लग्न केलं. निकोलच्या मोठ्या बहिणीचा, बेबी वॉरेनचा, हिशेब सरळ होता : घरात आजारी मुलगी आहे, पैसा आहे, तर तिच्यासाठी एक डॉक्टरच विकत घ्यावा. पुढं डिक पिऊ लागतो, रोममध्ये मारामारी करून पोलिसांचा मार खातो, वॉरेनांच्या पैशावर घेतलेल्या दवाखान्यातली भागीदारी सोडावी लागते. निकोल बरी होत जाते आणि टॉमी बार्बन नावाच्या लढवय्या माणसाबरोबर निघून जाते. डिक अमेरिकेला परततो आणि एका लहान गावातून दुसऱ्या लहान गावात असा करत दृष्टीआड होतो.

एम.ए.ला असताना, १९७८ साली, मी ही कादंबरी पहिल्यांदा वाचली. आम्हाला वर्गात सांगितलं गेलं होतं की ही एका प्रतिभावान पुरुषाची शोकांतिका आहे. बायकोच्या आजारानं आणि तिच्या पैशानं त्याला पोखरलं. ‘डिक डायव्हरचा ऱ्हास’ या विषयावर मी पंधरा पानी उत्तर लिहिलं. मार्क चांगले पडले. वाचताना मी डिकसाठी रडले होते, हेही कबूल करते. निकोलसाठी माझ्या डोळ्यांत पाणी आलेलं मला आठवत नाही.

पुढं मी तालुक्याच्या कॉलेजात इंग्रजी शिकवायला लागले, संघटनेत आले, केंद्रात बसू लागले. ती कादंबरी पुन्हा हातात घेतली ती २००४ साली. का घेतली ते मघाशी म्हटलं त्या घरातल्या गोष्टीमुळे. पण दुसऱ्यांदा काय दिसलं ते आधी सांगते.

निकोलला काय झालं होतं? तिची आई ती अकरा वर्षांची असताना वारली. त्यानंतर बापानं तिच्यावर अत्याचार केला. हे आपल्याला कोण सांगतं? बाप सांगतो. तो मुलीला दवाखान्यात घेऊन येतो तेव्हा आधी खोटंच सांगतो : मुलगी पुरुषांना उगाच घाबरते, घरातल्या नोकराबद्दल भलतंसलतं बोलते. मोठे डॉक्टर त्याला परत बोलावून खोदून विचारतात तेव्हा तो रडत रडत कबूल करतो. आणि त्याला शिक्षा काय? पाच वर्षं मुलीपासून दूर राहायचं. तो डोळे पुसतो आणि अमेरिकेची बोट धरतो. पोलिसांत कुणी जात नाही. इभ्रतदार माणूस ना!

आता ही गोष्ट कशी फिरते ते पाहा. बाप मोठ्या डॉक्टरला सांगतो. मोठा डॉक्टर त्याच्या हाताखालच्या डॉक्टरला, फ्रान्झला. फ्रान्झ डिकला. डिककडून ती वाचकाला कळते. चार पुरुषांच्या तोंडून गोष्ट आपल्यापर्यंत येते, पण जिच्यावर हे ओढवलं तिच्या तोंडून ती एकदाही सरळ येत नाही. तिची पत्रं आहेत. त्यांत ती एके ठिकाणी तक्रार करते, की मला काय झालंय हे कुणीतरी मला सांगेल म्हणून मी वाट पाहत राहिले. ज्याला कळत होतं त्याचं ते कर्तव्य होतं. पण मला कुणी पुरतं सांगितलं नाही, अर्धवटच सांगितलं. पहिल्या वेळी ही पत्रं मी ‘वेडाचं लक्षण’ म्हणून वाचली होती. कादंबरीच ती तशी वाचायला लावते. दुसऱ्या वेळी मला वाटलं, अख्ख्या पुस्तकात हीच एक बाई मुद्द्याचं बोलते आहे.

आणखी एक प्रसंग. पॅरिसच्या हॉटेलात रोझमेरीच्या खोलीत एका काळ्या माणसाचं प्रेत सापडतं. पीटरसन त्याचं नाव. डायव्हरांच्या एका दारुड्या मित्राच्या भानगडीत त्याचा हकनाक बळी गेलेला असतो. डिकला चिंता कसली, तर बोभाटा होऊन रोझमेरीचं नाव खराब होईल याची. तिच्या गाजलेल्या सिनेमाचं नावच मुळी ‘डॅडीज गर्ल’ म्हणजे बापाची लाडकी! डिक प्रेत बाहेर काढतो, पलंगावरचं रक्तानं माखलेलं पांघरूण उचलतो आणि धुवायला देतो. कुणाला? निकोलला. जिच्या आयुष्यात बिछाना आणि बाप या दोन शब्दांनी काय केलं आहे हे डॉक्टर म्हणून त्याला पक्कं ठाऊक आहे, तिच्याच हातात. न्हाणीघरात निकोल कोसळते, किंचाळते. कादंबरीत हा ‘तिच्या आजाराचा झटका’ आहे. मी म्हणते, त्या क्षणी शहाण्या बाईनं आणखी काय करायला हवं होतं?

आणि पीटरसन? त्याला दोन पानंसुद्धा मिळत नाहीत. पुढं एका पात्राचा नवरा येतो, आशियातल्या खाणींचा मालक. त्याच्या कातडीचा रंग मोजताना लेखक जी मिश्र रक्तं सांगतो त्यांत ‘हिंदू’ही आहे. म्हणजे आपण या गोष्टीत आहोत, पण कुठं? जिथं रंग मोजले जातात तिथं.

आता लेखकाच्या घरात येऊ. त्याशिवाय ही कादंबरी पुरती वाचून होत नाही.

फिट्झजेराल्डच्या बायकोचं नाव झेल्डा सेअर. जन्म २४ जुलै १९००, अलाबामा राज्यातल्या मॉन्टगोमेरीचा. न्यायाधीशाची मुलगी. १९२० च्या एप्रिलमध्ये लग्न, पुढच्या वर्षी मुलगी झाली. स्कॉट तिची पत्रं, तिची रोजनिशी, तिची वाक्यं कादंबऱ्यांत वापरायचा. १९२२ साली त्याच्या दुसऱ्या कादंबरीचं परीक्षण एका वर्तमानपत्रानं मुद्दाम तिच्याकडून लिहून घेतलं. तिनं त्यात थट्टेनं म्हटलं, की लग्नानंतर माझी एक जुनी रोजनिशी नाहीशी झाली होती, तिच्यातला मजकूर मला या पुस्तकात दिसला. लोक हसले. तीही हसली असेल. आपण नाही का हसत, आपल्यावरचे विनोद आपणच सांगून? तिनं स्वतः लिहिलेल्या काही गोष्टी दोघांच्या नावावर छापल्या गेल्या, आणि १९३० मध्ये एक तर एकट्या त्याच्याच नावावर. कारण त्याच्या नावाला भाव जास्त होता.

झेल्डाला स्वतःचं काही हवं होतं. सत्ताविसाव्या वर्षी तिनं पुन्हा नृत्य शिकायला घेतलं. पॅरिसमध्ये एका रशियन नर्तकीकडे ती रोज तासन् तास घाम गाळायची. घरी याला काय म्हणायचे? झपाटणं. नवरा रात्रभर कादंबरीसाठी जागला तर ती साधना, बायको दिवसभर नाचली तर तो रोग! १९२९ मध्ये तिला इटलीतल्या नेपल्सच्या सान कार्लो रंगमंदिराकडून बोलावणं आलं. ती गेली नाही. १९३० च्या एप्रिलमध्ये ती कोलमडली. जून १९३० पासून सव्वा वर्ष स्वित्झर्लंडमध्ये प्रांजांच्या दवाखान्यात होती. निदान झालं स्किझोफ्रेनिया. ते निदान बरोबर होतं का, यावर पुढं चरित्रकारांत वाद झाले. मी डॉक्टर नाही, मी त्यात पडत नाही. ती आजारी होती, फार आजारी होती, हे मात्र खरं. अंगभर इसब उठून तिची कातडी जळत होती. कादंबरीत डिकच्या दवाखान्यात अशीच एक चित्रकार बाई आहे, सर्वांगाला चट्टे पडलेली. ती म्हणते, पुरुषांशी लढायला निघालेल्या माझ्या काळातल्या बायकांचं भोगणं मी भोगते आहे. तिला नाव नाही. काही पानांनंतर ती मरते.

१९३२ च्या फेब्रुवारीत झेल्डा बाल्टिमोरच्या इस्पितळात दाखल झाली, आणि तिथं काही आठवड्यांत तिनं एक आख्खी कादंबरी लिहून काढली : ‘सेव्ह मी द वॉल्ट्झ’. नवऱ्याला न दाखवता त्याच्याच प्रकाशकाकडे पाठवली. स्कॉटचा संताप अनावर झाला. बायको लिहिते म्हणून नाही. जे आयुष्य तो आपल्या कादंबरीत वापरणार होता तेच तिनं आधी वापरलं म्हणून. त्याच्या सांगण्यावरून तिला बदल करावे लागले. ऑक्टोबर १९३२ मध्ये पुस्तक निघालं; चौदाशे प्रतीसुद्धा खपल्या नाहीत.

त्याच्या पुढच्या वर्षीची, २८ मे १९३३ ची एक नोंद आहे. बाल्टिमोरजवळच्या घरात स्कॉट, झेल्डा आणि तिचे डॉक्टर बसले आहेत. शेजारी लघुलेखक आहे. बोलणं उतरवून घेतलं जातं आहे. टंकलेली एकशेचौदा पानं झाली. वाद काय? तिनं लिहायचं की नाही. स्कॉटचं म्हणणं, व्यावसायिक लेखक मी, ती हौशी. घर माझ्या लिहिण्यावर चालतं. आमच्या आयुष्याचा कच्चा माल माझा. विशेषतः वेड, दवाखाना या विषयावर माझी कादंबरी पुरी होईपर्यंत तिनं लिहायचं नाही. मैत्रिणींनो, नीट लक्षात घ्या. वेडी कोण ठरली? ती. दवाखान्यात कोण राहिलं? ती. आणि वेडावर लिहिण्याचा हक्क कुणाचा? त्याचा! निकोलच्या पत्रांत झेल्डानं दवाखान्यातून लिहिलेल्या पत्रांचा ऐवज आहे. एप्रिल १९३४ मध्ये त्याची कादंबरी दुकानात आली तेव्हा झेल्डा पुन्हा एका इस्पितळात होती.

आता माझ्या घरातलं.

हे मी वहिनीला विचारून सांगते आहे. ती म्हणाली, “सांगा. पण माझ्या तोंडी माझंच वाक्य घाला.”

माझा मोठा भाऊ अमेरिकेत इंजिनिअर होता. १९९३ साली लग्न झालं. वहिनी बी.एस्सी., साताऱ्याकडची, पेटी छान वाजवायची. तिकडं तिच्या व्हिसावर नोकरीची परवानगी नव्हती. आठ-आठ तास घरात एकटी, बाहेर बर्फ, गाडी चालवता येत नाही, शेजार नाही. ती रडायला लागली, झोप उडाली, एकदा सपाता घालून बर्फात चालत निघाली. दादानं तिला डॉक्टरकडे नेलं. तिचं इंग्रजी अडखळतं, म्हणून डॉक्टरशी बोलायचा तो दादाच. फाइल तयार झाली, दादाच्या शब्दांत. १९९६ मध्ये त्यानं तिला दोन बॅगा आणि ती फाइल देऊन माहेरी पाठवलं आणि मला फोन केला, “तू शिकलेली आहेस, संघटनेत आहेस. तूच तिला समजाव.”

मी गेले. फाइल वाचली. तिच्या आईसमोर बसून म्हणाले, “वहिनी, गोळ्या नियमित घे, दादाला त्रास देऊ नकोस, संमतीनं सोडवणूक झाली तर बरं.” एवढ्यावर थांबले असते तरी ठीक. कोर्टात दाखल करायला मी एक प्रतिज्ञापत्र लिहून दिलं. त्यात एक वाक्य होतं : गेल्या वर्षी सुटीत आमच्याकडे पंधरा दिवस असताना ती एकटीच पुटपुटत बसलेली मी स्वतः पाहिली आहे. ते खोटं नव्हतं. मी पाहिलं होतं. माजघराच्या खिडकीशी ती बसायची आणि ओठ हलत असायचे.

घटस्फोट झाला. मी सभांतून स्त्रीमुक्तीवर बोलत राहिले.

२००४ साली एका लग्नात वहिनी भेटली. लहान मुलांची शाळा चालवत होती. मीच तिला टाळत होते. तीच येऊन शेजारी बसली. बोलता बोलता म्हणाली, “वन्सं, तुम्ही लिहून दिलंत की मी एकटीच पुटपुटते. मी इंग्रजी वाक्यं पाठ करत होते. परत गेल्यावर दुकानात काय बोलायचं, डॉक्टरला काय सांगायचं, ते. तुमच्यासमोर मोठ्यानं म्हणायची लाज वाटायची, तुम्ही इंग्रजीच्या प्राध्यापक. तुम्ही मला एकदा तरी विचारलंत का, काय म्हणतेस म्हणून?”

मी इंग्रजी शिकवत होते. ती दहा फुटांवर बसून इंग्रजी शिकत होती. तिला डॉक्टरला स्वतःच्या तोंडानं सांगायचं होतं. आणि त्या धडपडीचाच मी पुरावा केला, तिच्याविरुद्ध.

मी म्हटलं, “वहिनी, म्हणजे तू आजारी नव्हतीसच?” तेव्हा ती जे बोलली तेच तिचं वाक्य : “आजारी होतेच की. अजून एक गोळी घेते. पण आजारी होते म्हणून खोटी नव्हते.”

त्या रात्री मी ती जुनी कादंबरी काढली. मला कळेना, १९७८ साली मी डिकसाठीच का रडले? आता कळतं. गोष्ट ज्याच्या बाजूनं सांगितली जाते त्याच्यासाठी आपण रडतो. दादानं गोष्ट सांगितली, मी दादाच्या बाजूची झाले. त्यात दादा राक्षस होता असं नाही. तोही परदेशात एकटा होता, घाबरला होता, त्याला झेपलं नाही. फिट्झजेराल्डचंही तेच. कर्ज काढून, मासिकांना गोष्टी विकून त्यानं झेल्डाच्या दवाखान्यांची आणि मुलीच्या शाळेची बिलं भरली. स्वतः दारूत बुडाला. डिसेंबर १९४० मध्ये चव्वेचाळिसाव्या वर्षी वारला तेव्हा आपण विस्मृतीत गेलो असंच त्याला वाटत होतं. कादंबरी मोठीच आहे, मी ती टाकून द्या म्हणत नाही. बापानं मुलीवर केलेला अत्याचार १९३४ साली इतक्या उघडपणे लिहिणारे किती होते? पण पुरुषाची कणव खरी असली तरी बाईची गोष्ट त्याच्या मालकीची होत नाही.

झेल्डाचा शेवट सांगायलाच हवा. १० मार्च १९४८ च्या रात्री ॲशव्हिलच्या मनोरुग्णालयाला आग लागली. नऊ बायका गेल्या, त्यांत झेल्डा होती. वय सत्तेचाळीस.

एक टीकाही करते, नाहीतर आपल्या धुणीभांडीवाल्या मैत्रिणी मला माफ करणार नाहीत. निकोल सुटते, पण कशाच्या जोरावर? वॉरेनांच्या पैशाच्या. आणि तिचं सुटणं म्हणजे एका पुरुषाकडून दुसऱ्याकडे जाणं. फिट्झजेराल्डला हे दिसत होतं, हा त्याचा मोठेपणा. निकोल पॅरिसमध्ये खरेदीला निघते तेव्हा तो थांबून सांगतो, की हिच्यासाठी आगगाड्या धावतात, कारखाने धुमसतात, नाताळच्या तोंडावर दुकानांतल्या पोरी राबतात, ब्राझीलच्या कॉफीमळ्यांत मजूर खपतात. पण त्या पोरींपैकी कुणी वेडी झाली तर? तिला झुरिच नाही. तिला मांत्रिक, दर्ग्याची साखळी, नाहीतर माहेरची पडवी. वॉरेनांनी मुलीसाठी डॉक्टर विकत आणला. आपल्याकडच्या बापाजवळ नुसता एक कागद विकत घेण्यापुरतेही पैसे नसतात; तो कागद सासरचे आणतात.

तेव्हा कामाचं बोलू. हिंदू विवाह कायद्यात १९७६ च्या दुरुस्तीनंतर मानसिक विकार हा घटस्फोटाचा आधार आहे आणि स्किझोफ्रेनियाचं नाव त्यात स्पष्ट घातलेलं आहे. पण नुसतं निदान पुरेसं नाही. विकार अशा प्रकारचा आणि इतका असावा लागतो, की जोडीदारानं तिच्याबरोबर राहावं अशी वाजवी अपेक्षा करता येऊ नये. हे कोर्टात सिद्ध करावं लागतं. गोळ्यांची चिठ्ठी दाखवली की बाई गेली, असं कायदा म्हणत नाही. असं आपल्याला घाबरवून सांगितलं जातं. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात तर स्पष्टच आहे, की कुणाला मानसिक आजार आहे एवढ्यावरून ती व्यक्ती कायद्याच्या दृष्टीनं वेडी ठरत नाही. त्याच कायद्यानं स्वतःच्या उपचारांचे कागद पाहण्याचा हक्कही तिला दिला आहे. फाइल तिची आहे. नवऱ्याची नाही, दिराची नाही, नणंदेची तर मुळीच नाही.

आपल्या केंद्रासाठी माझ्या दोन सूचना आहेत. एक, बाईची फाइल उघडताना पहिलं पान तिच्या शब्दांत, तिच्या बोलीत लिहायचं. सासरच्यांनी आणलेले कागद त्याच्यानंतर वाचायचे. लिहिलेलं तिला वाचून दाखवायचं आणि विचारायचं, “असंच म्हणालीस ना?” दोन, बाई खरोखर आजारी असेल तर ते नाकारायचं नाही. वेडाला बंड म्हणून डोक्यावर घेऊन नाचणं हे शहाण्या बायकांना परवडतं. जिला रात्र-रात्र झोप येत नाही तिला डॉक्टर लागतो, गोळी लागते आणि तिचं ऐकणारं माणूसही लागतं. तीनही हवं. मी वहिनीला गोळ्या घे म्हणाले ते चूक नव्हतं. तेवढंच म्हणाले, ते चूक होतं.

प्रतिज्ञापत्राचं काय, असं तुम्ही विचाराल. ते परत घेता येत नाही. मी वहिनीला एक पत्र लिहून दिलं आहे : मी जे पाहिलं त्याचा अर्थ मी चुकीचा लावला, तिला विचारलं नाही. कोर्टाला त्याचा उपयोग शून्य. ती म्हणाली, ठेवते. दादाशी या विषयावर माझं अजून नीट बोलणं झालेलं नाही.

झेल्डाची कादंबरी मी आज आणली आहे, इथं टेबलावर आहे. तिच्या नायिकेचं नाव अलाबामा. ती न्यायाधीशाची मुलगी, चित्रकाराची बायको, उशिरा नाचायला शिकते. आणि नेपल्सचं बोलावणं आल्यावर ती जाते. झेल्डा गेली नव्हती, अलाबामा जाते. पुढं पायाला विषबाधा होऊन तिचं नाचणं संपतं, पण ती जाते आणि नाचते. भाषा अवघड आहे, कुठं कुठं फार अलंकारिक आहे. ज्यांना इंग्रजी वाचता येतं त्यांनी पाळीपाळीनं न्यावी. ज्यांना येत नाही त्यांच्यासाठी मी दर गुरुवारी संध्याकाळी एकेक प्रकरण मराठीत सांगायला बसेन. वहिनीलाही बोलावलं आहे. ती म्हणाली, जमलं तर येईन, पण पुढच्या रांगेत बसणार नाही.